लायटीच्या पेटीतला गुलाल

त्या वर्षीच्या लग्नसराईत मी उभ्याउभ्या झोपायला शिकलो. डोळे उघडे असायचे, बोटं चालत असायची, पुढे वरातीतली पोरं नाचत असायची, आणि मी आतल्या आत कधीच आडवा झालेला असायचो. एका गाण्यातून दुसऱ्यात कधी शिरलो ते मला कळायचं नाही. ड्रमवाला टिपरूने बरगडीत टोचायचा तेव्हा भान यायचं, की वरात थांबली आहे आणि मी एकटाच वाजवतो आहे.

पौडला एस.टी. स्टँडामागच्या आळीत आमचं शिलाईचं दुकान होतं. दुकान भाईचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. शाळेचे गणवेश, कचेरीतल्या लोकांच्या विजारी, बायकांची पोलकी हे आमचं बारमाही काम. मी काजं-बटणं करायचो, भाई बेतायचा आणि मशीन चालवायचा. लग्नाचे दिवस आले की दुकानाला फळ्या लागायच्या आणि आमचा बँड बाहेर पडायचा. बँड अब्बांनी उभा केलेला. अब्बा गेल्यावर भाई मास्तर झाला. तो क्लॅरोनेट वाजवायचा, आणि कोळवणच्या खोऱ्यापासून थेट धरणाकाठच्या गावांपर्यंत लोक आम्हाला बोलवायचे ते त्याच्या क्लॅरोनेटसाठी. बाकीचे आम्ही म्हणजे त्याच्यामागे चालणारा गलका.

पण त्याच्या छातीने दगा दिला. आधी नुसता खोकला होता, मग जिना चढताना थांबायला लागला, मग एका वरातीत गाणं अर्ध्यावर टाकून तो लोकांच्या मागे जाऊन खाली बसला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला तपासून सांगितलं, "दमा आहे. शिवणकाम करा, पण फुंकणं बंद." भाईने त्यांच्यासमोर मान हलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "मंग बँडचं काय करायचं?"

त्या सुमाराला पुण्यातला एक ऑर्केस्ट्रा मोडला होता आणि त्यांचं सामान विकायला निघालं होतं. त्यात एक इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड होता. तसला बाजा तोपर्यंत आमच्या तालुक्यात कुणी पाहिला नव्हता. मला पेटी थोडीफार येत होती, म्हणून आम्ही तो घेतला. सेलवर चालायचा. वर बटणांची ओळ होती, एक दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की व्हायोलिन. एका बटणातून क्लॅरोनेटसारखा आवाज निघायचा, जरा नाकातून बोलल्यासारखा. पौडातल्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'लायटीची पेटी'.

ती पेटी आम्ही हातगाडीवर एका फळीला दोरीने बांधली. गाडीवर मोटारीची बॅटरी, अँप्लिफायर आणि दोन कर्णे. ढोलवाल्याचा मेहुणा गाडी ओढायचा आणि मी मागून चालत चालत वाजवायचो. भाईला घरी बसवावं असं माझ्या मनात होतं, पण नवरदेवाच्या बापाला मास्तर पुढे दिसायला हवा असायचा. मग भाईनेच ठरवलं. लाल कोट, डोक्याला तुरा, ओठांना क्लॅरोनेट लावून तो नेहमीसारखा सगळ्यांच्या पुढे चालायला लागला. बोटं भोकांवर फिरायची, गाल जरासे फुगायचे, आणि आवाज यायचा माझ्या पेटीतून, कर्ण्यातून. लोकांना काही कळायचं नाही. कळलं असलं तरी कुणी बोललं नाही.

मला मात्र त्याच्या पाठीकडे बघून वाजवणं जड जायचं. मी कुठे चुकलो की त्याची बोटं बरोबर जागी गेलेली असायची. तो मान वळवून बघायचा, रागावून नाही, नुसता बघायचा, आणि पुन्हा पुढे चालू लागायचा.

ती सराई फार दाट होती. सकाळी एका गावात नवरदेव पारावरून मांडवात न्यायचा, दुपारी जेवणावळीत बसून वाजवायचं, ऊन उतरलं की दुसऱ्या गावात वरात. मधे जीप. जीपच्या मागे बांधलेली हातगाडी, टपावर पेटी, ढोल, कर्णे, आणि आत आम्ही एकमेकांच्या मांड्यांवर. लाल कोट घामाने ओला व्हायचा, अंगावरच वाळायचा, पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटायचे. घरी आलो की भाबी, म्हणजे भाईची बायको, कोट उलटे करून उन्हात टाकायची. ती आमच्याशी फार बोलायची नाही त्या दिवसांत. भाईच्या श्वासाकडे तिचा कान असायचा.

पेटीने पहिला झटका दिला तो कोळवणच्या खोऱ्यातल्या एका वरातीत. ऊन उतरलं होतं, पण रस्त्याची धूळ अजून तापलेली होती. पोरं गुलाल उधळत होती. एक चालतं गाणं मी धरलं होतं, आणि मधल्या सप्तकातला गंधार दाबला तर नुसता टक असा पट्टीचा आवाज. सूर नाही. पुन्हा दाबला, आला. पुढच्या वेळी पुन्हा नाही. मग त्याच्या शेजारचा मध्यमही गेला. गाण्याचे दात पडल्यासारखं झालं.

मला वाटलं, सेल उतरले. पण थांबता येत नव्हतं, पोरं ऐन भरात होती. मी ते सूर टाळून वाजवायला गेलो तर गाणं ओळखू येईना. आणि अचानक मला गंधार ऐकू आला. पुढून. कर्ण्यातून नाही, उघड्यावरून, लाकडी, भरलेला.

भाई फुंकत होता. माझ्या पेटीतून जे सूर गळत होते, तेवढेच. बाकीच्या वेळी त्याचे गाल नुसते फुगायचे, आणि माझा गंधार पडला की नेमका तिथे त्याचा लागायचा. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. मी पुढे कुठे अडखळणार हे त्याला माझ्याआधी कळत होतं. नाचणाऱ्यांना काय, त्यांना गाणं सलग ऐकू येत होतं. मी घामाने डोळे चुरचुरत असताना वाजवत राहिलो, आणि मनात म्हणत राहिलो, भाई, बस कर, बस कर. ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडून काय सांगणार?

नवरदेवाच्या दारात वरात पोचली तेव्हा तो एका बैलगाडीच्या जुवाला धरून उभा राहिला. ओठ निळे पडले होते. श्वास आत जाताना शिट्टीसारखा वाजत होता. मी त्याच्या तुऱ्याची पट्टी सोडली, कोटाची बटणं काढली. कुणीतरी गरम पाणी आणलं. बराच वेळ तो नुसता बसून होता, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. जीपमध्ये बसल्यावर कुठे त्याला बोलता आलं.

"गंधारच जातोय," तो म्हणाला. "आन् त्याच्या शेजारचा. सेल न्हाईत उतरल्यालं. सेल उतरलं अस्तं तर समदंच बारीक झालं अस्तं."

"तू कशाला फुंकलंस?" मी म्हणालो.

"गाणं लंगडत हुतं," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धूत होतो तेव्हा भाबी मागच्या दारी आली. तिने रात्रभर भाईला टेकून बसवलं होतं, तिचेही डोळे ओढलेले होते.

"भाऊजी," ती म्हणाली, "ती पेटी एक तर नीट करा न्हाईतर विहिरीत टाका. पण ती बिघडल्याली घिऊन तुमी त्यांना वरातीत नेऊ नका. पेटी अडली की ते फुकणार. मला म्हाईत हाय त्यांचं."

"पुढच्या सुपाऱ्या घेतल्यात, भाबी."

"मंग नीट करा," ती म्हणाली आणि आत गेली.

तोपर्यंत मी शिलाई मशीन सोडून दुसरं कुठलंही यंत्र उघडलं नव्हतं. पण भाई बोलला ते माझ्या डोक्यात होतं. तरी मी सेल बदलून पाहिले. गंधार नाहीच. मग अँप्लिफायरची वायर काढून टाकली आणि पेटीच्या स्वतःच्या छोट्या स्पीकरवर वाजवली. तरी नाही. म्हणजे वायर ठीक, कर्णे ठीक. बासरीचं बटण दाबलं, व्हायोलिनचं दाबलं, आवाज बदलला पण मधल्या त्या पट्ट्या मुक्याच. जोरात दाबल्यावर एखादी कण्हल्यासारखी बोलायची. खराबी पट्ट्यांच्या खाली कुठेतरी होती, एवढं माझ्यासारख्यालाही कळलं.

मी पेटी चादरीत गुंडाळली आणि पुण्याची एस.टी. पकडली. बसायला जागा नव्हती. भूगावपर्यंत पेटी डोक्यावर आणि पुढे मांडीवर. पुण्यात वाद्यांच्या एका दुकानामागे दुरुस्ती करणारे एक गृहस्थ बसायचे, त्यांचा पत्ता आम्हाला पेटी विकणाऱ्यानेच दिला होता. त्यांच्या टेबलावर, टेबलाखाली, खिडकीत, सगळीकडे उघडी पडलेली वाद्यं होती. त्यांनी माझ्या पेटीच्या चार पट्ट्या दाबल्या आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"ठेवून जा. सराई संपल्यावर ये," ते म्हणाले.

"सराईसाठीच पाहिजे, साहेब. परवा वरात आहे."

"बाबा रे, ही सगळी सराईचीच आहेत." त्यांनी हाताने खोली दाखवली. तेही थकलेले दिसत होते. मी हललो नाही म्हणून असेल, त्यांनी एक जुना उघडा की-बोर्ड पुढे ओढला आणि मला दाखवलं. प्रत्येक पट्टीखाली रबराचं एक छोटं बटण होतं, आणि त्या बटणाच्या पोटात काळा ठिपका. पट्टी दाबली की तो ठिपका खालच्या पाटीवरच्या दोन रेघा जोडतो, आणि मग सूर लागतो. "मधे घाण गेली की जोडणार कसं? नाहीतर ठिपका झिजला असेल. मधल्या पट्ट्याच जास्त झिजतात. नवं रबर मिळत नाही इथे." मग बोट उगारून म्हणाले, "उघडलीस तर ही चपटी वायर सांभाळ. ती एकदा तुटली की मग माझ्याकडेसुद्धा आणू नकोस."

परतीच्या एस.टी.त मी खिडकीच्या गजाला डोकं टेकवून झोपलो. पौडला कंडक्टरने हलवून उतरवलं.

दुपारी दुकानाच्या फळ्या आतून लावून मी बेतायच्या टेबलावर पेटी पालथी घातली. मशीनचा स्क्रू-ड्रायव्हर बसत होता. स्क्रू काढत गेलो आणि बटणांच्या रिकाम्या डब्यात टाकत गेलो. भाई भिंतीला टेकून स्टुलावर बसला होता. त्याला बोलायला त्रास होत होता, म्हणून तो नुसता बघत होता.

वरचं झाकण निघालं तसा भाई स्टुलावरून पुढे वाकला. आत आख्खी सराई होती. कुंकवात रंगवलेल्या अक्षता पट्ट्यांच्या मधल्या फटींत अडकलेल्या, मुंडावळ्यांचे मणी, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, रस्त्याची धूळ आणि सगळ्यावर गुलाल. घामाने भिजून पुन्हा सुकलेला, रंग लावल्यासारखा घट्ट बसलेला गुलाल. तो घाम माझाच असणार, हनुवटीवरून सराईभर त्याच्यावरच ठिबकत होता.

"लग्न लागलंय हिचं," भाई म्हणाला, आणि हसता हसता त्याला ढास लागली.

मी चपट्या वायरीला भिऊन फार खोल गेलो नाही. रंगाच्या ब्रशने फटी झाडल्या, सुईच्या टोकाने अक्षता काढल्या, फुंकणीने धूळ उडवली. झाकण लावलं, सेल घातले. गंधार बोलला. मध्यमही बोलला. भाबी आतल्या दारातून ऐकत होती. तिने चहा टाकला.

दोन दिवसांनी मुळशीकडच्या वरातीत, अर्ध्या वाटेत, गंधार पुन्हा गेला. मी वर पाहिलं तर भाईने क्लॅरोनेट सावरलं होतं. मी पेटी सोडून दिली आणि ट्रंपेटवाल्याला ओरडून सांगितलं, "तू धर!" तो बिचारा जमेल तसं ते गाणं ओढत घेऊन गेला. नवरदेवाचा मामा येऊन माझ्यावर खेकसला. मी ऐकून घेतलं. भाईने काही फुंकलं नाही, पण पौडला पोचेपर्यंत तो माझ्याशी बोललाही नाही.

मला त्या दिवशी सगळ्याचाच वीट आला. घरी आल्यावर मी पेटी दुकानात टाकली आणि भाबीला म्हणालो, "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं." तिने माझ्यापुढे भाकरी ठेवली आणि पलीकडे बसून भाईच्या छातीला लावायचं तेल कोमट करत राहिली. जेवता जेवता मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी काही लग्न नव्हतं. दुपारी दुकानात जाऊन पाहतो, तर भाईने टेबलावर पांढरं अस्तर अंथरलं होतं आणि पेटी त्याच्यावर पालथी ठेवलेली होती. शेजारी दवाखान्यातून मागून आणलेलं स्पिरिट आणि कापूस.

"आज खाली जा," तो म्हणाला. "वर वर झाडून भागत न्हाई. घाण रबराखाली गेलीया."

"वायर तुटली तर?"

"आत्ता तरी कुटं वाजतीया?"

मी पट्ट्यांची चौकट उचलली, मग हिरवी पाटी. पाटीच्या खाली रबराच्या लांब लांब पट्टीवजा वाद्या होत्या, एकेका सप्तकाला एक. त्या सोलून काढल्या. गुलाल तिथेही पोचला होता, पाटीवरच्या बारीक रेघांवर गुलाबी पापुद्रा. मी स्पिरिटच्या कापसाने पुसत राहिलो, कापूस लाल होत गेला, भाई नवा बोळा करून देत राहिला. बाहेर उन्हाने रस्ता ओस पडला होता. पाटी स्वच्छ झाल्यावर मी रबराच्या वाद्या उजेडाला धरून पाहिल्या. खालच्या आणि वरच्या वादीचे ठिपके काळेकुळकुळीत होते. मधल्या वादीवर, जिथे गंधार आणि मध्यम येतात, तिथला काळा रंग पार उडाला होता, नुसतं करडं रबर. गाणी सगळी तिथेच फिरायची ना. नुसतं पुसून ते बोलणार नव्हते.

"नवं रबर मिळत न्हाई म्हणालं ते," मी म्हणालो.

भाईने हात पुढे केला. मी वाद्या त्याच्या हातात दिल्या. तो त्या एकावर एक ठेवून, शर्टाचे दोन पुढे जुळवून बघावेत तशा बघत राहिला.

"मापाला सारख्या हायेत," तो म्हणाला. "ही वरची मधी घाल. ही झिजल्याली वर."

"मग वरचं सप्तक जाईल."

"वर कोण जातंय?" तो म्हणाला. वाद्या माझ्या हातात परत देत म्हणाला, "म्या जायचो. तू न्हाई जात."

ते खरं होतं. गाणं अगदी उंच नेऊन तिथे सूर धरून ठेवायचा, तो त्याचा भाग होता. मी कायम मधल्यामधेच वाजवायचो.

वाद्या बदलल्या. पाटी बसवली. सेल लावून, झाकण न लावताच मी एकेक पट्टी दाबत गेलो. गंधार खणखणीत. मध्यम खणखणीत. पण त्याच सप्तकातल्या षड्जाला आवाज नाही. मघाशी तो चांगला वाजत होता. पुढे दाबत गेलो तर एक काळी पट्टी मुकी. मग खालच्या सप्तकातली एक पांढरी. मी पेटीवरून हात काढून घेतले आणि जमिनीवर जाऊन बसलो. चांगल्या होत्या त्याही घालवल्या होत्या मी.

भाई मात्र स्टूल ओढून पेटीपाशी गेला. त्याने त्या पेटीला तोवर कधी हात लावला नव्हता. एका बोटाने तो खालपासून दाबत गेला, एक न सोडता, काळी, पांढरी, सगळ्या. परत खाली आला, परत वर गेला.

"हिकडं ये," तो म्हणाला. "मोज."

मी उठलो. एक मुकी, मग सात बोलतात, आठवी मुकी. पुन्हा सात बोलतात, आठवी मुकी. वरच्या झिजलेल्या सोडल्या, तर पार वरपर्यंत तसंच.

"घाण अशी मोजून बसंल का?" भाई म्हणाला. "ह्या समद्यांचा कायतरी एकच धागा हाय. त्यो उसवलाय."

मी पाटी पुन्हा उचलली आणि चपटी वायर जिथे पाटीला जोडली होती तिथे सुईने एकेक तार हलवून पाहिली. कडेची एक तार सुटून आली. पाटी उचलताना माझ्याच हाताने ताणली गेली असणार. पुण्याच्या दुरुस्तीवाल्यांनी बजावलेलं होतं तेच झालं होतं, पण का कोण जाणे, मला हायसं वाटलं. निदान कुठे तुटलंय ते डोळ्यांना दिसत होतं.

स्टँडासमोर मंडपाला कर्णे भाड्याने देणारा आमच्या ओळखीचा माइकवाला होता. मी पेटी तशीच उघडी उचलून त्याच्याकडे नेली, भाई मागून हळूहळू आला. माइकवाला जेवून नुकताच लवंडला होता.

"ह्या असल्याला म्या हात न्हाई लावनार," तो उठून बसत म्हणाला. "जळलंबिळलं तर मास्तर शिव्या घालतील."

"तू डागाची इस्तरी तापवून दे," भाई म्हणाला. "ह्यो लावंल."

म्हणजे मी. कथिलाचा डाग द्यायची ती टोकदार इस्तरी तापेपर्यंत मी सुटलेली तार सुईने सरळ करत बसलो. माइकवाल्याने एका जुन्या वायरीवर मला दोनदा करून दाखवलं. मग त्याने पाटी धरली, भाईने चिमट्यात ती तार धरली, आणि मी इस्तरीचं टोक टेकवलं. धूर निघाला, कथिलाचा थेंब चकाकला आणि थिजला. सगळ्यांनी रोखलेला श्वास सोडला, भाईने खोकून.

तिथेच सेल घातले. षड्ज लागला. वरची आठवी लागली, खालची आठवी लागली. वरच्या सप्तकात, झिजलेल्या वादीवरच्या त्या दोन-तीन पट्ट्या तेवढ्या मुक्या राहिल्या, त्या राहणारच होत्या. माइकवाल्याने कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "मास्तर, आता च्या पाजा."

भाबीला सांगायला मी घरी गेलो. ती धान्य निवडत होती. "झाली?" तिने विचारलं. मी मान हलवली. ती सूप बाजूला ठेवून तशीच भिंतीला टेकून बसली, कितीतरी वेळ, काही न करता.

त्यानंतरच्या सुपाऱ्या आम्ही निभावल्या. मी पेटीवर अस्तराचं झालर लावलेलं एक आवरण शिवलं, त्यात हात घालून वाजवायचो. गुलाल वरच राहायचा. उंचावर जाणारी गाणी आम्ही खालच्या पट्टीत घेतली. कुणी तक्रार केली नाही. भाई पुढे चालायचा, पण आता मधेच क्लॅरोनेट खाली करून नुसत्या हाताने ताल द्यायचा, आणि लोकांना तेही मास्तरचंच काहीतरी वाटायचं.

सराईची शेवटची वरात धरणाच्या बाजूच्या एका गावात होती. मला सकाळपासून ताप होता. गाडीमागे उभं राहिलो तर पट्ट्या एकात एक मिसळलेल्या दिसायला लागल्या. मी भाईला सांगितलं. त्याने माझ्या कपाळाला हात लावला, क्लॅरोनेट ढोलवाल्याच्या मेहुण्याकडे दिलं आणि म्हणाला, "जीपमधी जाऊन पड."

"वाजवणार कोण?"

त्याने तुरा काढला, आवरणाच्या झालरीतून हात आत घातले.

मी जीपच्या पुढच्या सीटवर आडवा झालो. ड्रायव्हरने माझ्या अंगावर कोट टाकला. जीप वरातीच्या मागून पावलापावलाने चालली होती आणि पुढून पेटीचा आवाज येत होता. भाईला दोनच बोटं येत होती. त्याने गाणं फार संथ धरलं होतं, ड्रमवाल्यालाही त्याच्यासाठी हात आवरावा लागत होता. कुणीतरी ओरडलं, "मास्तर, जोरात येऊ द्या की!" पण त्याने वेग वाढवला नाही. गाणं चढत जायचं, वरच्या त्या मुक्या पट्ट्यांच्या अलीकडे येऊन थांबायचं, सूर जरा रेंगाळायचा आणि मग खाली उतरायचं. मला ते ऐकवत नव्हतं आणि डोळेही उघडत नव्हते. नाचणारी पोरं हळूहळू बाजूला झाली असावीत, कारण गलका कमी झाला. बायकांचा घोळका तेवढा गाडीबरोबर चालत राहिला.

जाग आली तेव्हा जीप पौडच्या रस्त्याला लागली होती. मागे सगळे एकमेकांवर कलंडून झोपले होते. भाई माझ्या शेजारी बसला होता, पेटी मांडीवर आडवी, दोन्ही हात तिच्यावर. तो जागा होता. श्वास जड होता, पण शिट्टी वाजत नव्हती.

"कसं झालं?" मी विचारलं.

"बोटं दुखत्यात," तो म्हणाला. मग खिडकीबाहेर बघत, "दम न्हाई लागला."

मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि पुन्हा झोपलो.